वानरांची टोळी आणि माझी तान्ही

लेक मान धरायला लागली, तसं मी पुन्हा राहू गावाला जायचं ठरवलं. तिथल्या नदीकाठच्या चिंचांवर वानरांची टोळी होती. तिच्यावरची माझी पीएच.डी. बाळंतपणात अर्धवट राहिली होती. आदिमानवाची हाडं सापडतात, दगडी हत्यारं सापडतात. पण त्या आयांची पोरं कुणी कुणी सांभाळली, ते हाडांवरून कळत नाही. म्हणून वानरांकडे बघायचं आणि जपून अंदाज बांधायचा.

गाईड म्हणाले, "वर्षभर थांबा." नवरा सणसवाडीला कंपनीत, शिफ्टमध्ये अडकलेला. सासूबाई म्हणाल्या, "वान्रं काय कुठं पळून चालल्यात व्हय?"

मी वाद घातला नाही. सकाळी लेकीला ओढणीनं छातीशी बांधलं आणि मिळेल त्या जीपनं निघाले.

टोळीतली एक मादी नुकतीच व्याली होती. काळंभोर पिल्लू दुसरीनं ओढून घेतलं, तर आई निवांत पाला खायला लागली. मी लिहीत होते, तेवढ्यात माझी लेक रडायला लागली. काही केल्या गप्प होईना. शेजारच्या रानात कांदा खुरपणाऱ्या बायांतली एक मावशी हात धुऊन आली.

"आना इकडं. तुमी लिव्हा तुमचं."

मी क्षणभर घुटमळले, मग दिली. लेक बांधावर या मांडीवरून त्या मांडीवर फिरली आणि झोपली.

भाकरी खाताना मावशींनी विचारलं, "मानूस माकडापासून झाला म्हंत्यात. खरं हाय का?"

"नाही मावशी. लई मागं त्यांचा आणि आपला पूर्वज एकच होता. मग वाटा वेगळ्या झाल्या."

त्या वर बघत राहिल्या. "त्या दुसरीनं पोर उलटं धरलंय."

"अजून व्याली नाही ती. असंच शिकतात."

कांदा निघाला, बाया दुसऱ्या रानात गेल्या. तेव्हा मी सासूबाईंना सरळ म्हटलं, "उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर चला." त्या आल्या, तोंड फुगवून बसल्या. पण थोड्याच दिवसांत विचारू लागल्या, "ती तुटक्या शेपटीची आज दिसंना?"

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एका सरांनी विचारलं, "तुम्ही स्वतः आई आहात, म्हणून तुम्हाला माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळताना दिसल्या, असं तर नाही ना?"

"असेलही सर," मी म्हणाले. "म्हणूनच प्रत्येक नोंद घड्याळ लावून केलीय. तपासून बघा."

ते पानं उलटत राहिले. पुढच्या प्रश्नाची वाट बघत मी तशीच उभी राहिले.