आजीव वर्गणीदार

संपादकबाईंना झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं. पण विधी महाविद्यालयाचं सागरी कायद्याचं त्रैमासिक त्याच काढत. जहाजांच्या टकरी आणि बुडालेला माल यांवर त्या तासन्‌तास बोलत. समुद्र मात्र त्यांनी खिडकीतूनच पाहिला होता. ते वाचतं कोण, हा प्रश्न नवऱ्याने एकदाच काढला होता. मग बरेच दिवस घरात अबोला.

यंदा प्राचार्यांच्या अंगात आलं. "प्रकाशन भर समुद्रात करू!"

लाँच बंदराबाहेर पडली आणि बाईंनी कठडा धरला तो सोडलाच नाही.

"लिंबू हुंगतेस का?" नवरा पाठ चोळत म्हणाला.

"माझ्याशी बोलू नकोस."

तेवढ्यात इंजिनाने आचके दिले आणि मान टाकली. लाँच खडकांकडे सरकायला लागली. प्राचार्यांचं भाषण घशातच राहिलं. नशीब, जवळून चाललेल्या एका मच्छीमाराने दोर फेकला आणि लाँच ओढत धक्क्याला आणून लावली.

"आता माझं काय ते बघा," तो म्हणाला.

"अहो, ही तर माणुसकी!" प्राचार्य म्हणाले.

धक्क्यावर फतकल मारून बसलेल्या बाईंनी डोळेही उघडले नाहीत. "माणसं वाचवली ती माणुसकी. लाँच वाचवली त्याचं बक्षीस द्यावं लागतं. याच अंकात माझा लेख आहे, सर. तुम्ही वाचलेला दिसत नाही."

धक्क्यावर धावत आलेल्या लाँचमालकाने खिशात हात घातला. बाईंनी आपल्यातर्फे मच्छीमाराला त्रैमासिकाची आजीव वर्गणी बहाल केली.

पुढचे दोन अंक गेले आणि तो तणतणत कार्यालयात हजर झाला.

"बाई, ते पुस्तक बंद करा! मी वकील झालो असं टपालवाल्याने गावभर केलंय. माणसं भांडणं घेऊन दारात येतात. काल एकजण सासूची तक्रार घेऊन आला!"

"आजीव वर्गणी बंद करता येत नाही."

"म्हणजे मरेपर्यंत?"

"हो." बाईंचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही उघडून पाहिलंत का?"

"पाहिलं की. तुमचा लेखही वाचला. दोर आधी कोणी टाकला यावर एवढी पानं? बायको म्हणाली, ही बाई घरी नवऱ्याशी कशी भांडत असेल!"

बाईंचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत त्यांच्या लेखावर कोणी नाक मुरडायचेही कष्ट घेतले नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, चहा सांगितला आणि पेन उघडलं.

"बसा. नेमके कुठे कंटाळलात?"

मच्छीमाराने टोपी मांडीवर ठेवली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. चहा पुन्हा सांगावा लागला.