पाटावरून फिरणारा हात

लाकूड घासायचं काम आमच्या घरात बायांकडे होतं. करवत, पटाशी, रंधा पुरुषांनी धरायचा, आणि हात फिरवला तर कुठे अडू नये इतकी फळी गुळगुळीत करायची ती आम्ही. वलवणच्या त्या सुताराघरी मी सून म्हणून आले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्या आठवड्यातच माझ्या हातात काचकागद दिला. माहेरी मी भात लावलं होतं, शेणी थापल्या होत्या; सासरी लाकूड घासावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी काही गरीब गाय नव्हते. माहेरी तोंडाळ म्हणूनच माझं नाव होतं. पण सासऱ्यांशी, मामंजींशी बोलायची रीत नव्हती. ते ओट्यावर बसायचे, मी आत. फळी घासून झाली की आत्याबाई ती त्यांच्यापुढे नेऊन ठेवायच्या. मामंजी उजवा तळहात फळीवर टेकवायचे आणि भलतीकडेच बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचे. मग एकच शब्द, ‘अजून.’ की फळी परत आत. कुठे अजून, किती अजून, काही नाही. असा राग यायचा की वाटायचं, ही फळीच घालावी यांच्या डोक्यात. पाचसहा खेपा झाल्या की ‘झालं’ म्हणायचे. आणि त्यांनी ‘झालं’ म्हटल्यावर मग गिऱ्हाईक त्या वस्तूला हात लावूनही बघत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि लोणावळ्याच्या बाजारात काचकागद मिळेना. मिळाला तरी असा, की चार हात मारले की वरची काच गळून नुसता कागद उरायचा. मग आत्याबाईंनी जुनी वाट धरली. कुरवंड्याकडच्या उतारावर खरवतीची झाडं होती. तिचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. जून पान बघून तोडायचं, सावलीत वाळवायचं, ठोकळ्याला धरायचं आणि लाकडाच्या रेषेनं घासायचं. ठोकळा नसला, नुसत्या बोटानं घासलं, तर फळीला खळगे पडतात. कागदानं यायचा नाही असा मऊपणा त्या पानानं यायचा. माझ्या बोटांची सालं निघाली, ती गोष्ट वेगळी.

घरधनी तेव्हा रेल्वेच्या कामाला लागले होते, आणि लढाईमुळे त्यांना सुट्टी कसली ती नव्हती. घरचं सुतारकाम मामंजींच्याच अंगावर होतं. त्या थंडीत त्यांच्या उजव्या अंगाला मुंग्या आल्या, जीभ जड झाली. थोडे दिवस पडून राहिले आणि उठून कामाला लागले. रंधा पूर्वीसारखाच चालायचा. आम्ही म्हटलं, वारं अंगावरून गेलं, थोडक्यात वाचलो.

वैशाखात वडिवळ्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यानं आपल्या बांधावरच्या आंब्याच्या फळ्या आणून टाकल्या. नवरानवरीला आणि मानाच्या माणसांना बसायला पाट करायचे होते. आंब्याचं लाकूड मोठं हट्टी, घासावं तेवढं थोडं. पहिला पाट मी घासला, तो बाहेर गेला, आणि मामंजी पहिल्याच खेपेला म्हणाले, ‘झालं.’

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, बसला बाई एकदाचा हात. घरधनी आल्या आल्या त्यांनाही सांगितलं, झोपतानाही सांगितलं. मग दुसरा पाटही पहिल्याच खेपेला झाला. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. पाट आत आल्यावर मी त्यावरून हात फिरवला, तर कडेला चक्क खरखर. नवरीचा शालू तिथे अडकला असता तर सूतच निघालं असतं.

तिसऱ्या पाटाच्या वेळी मी दाराआडून बघत राहिले. मामंजींनी हात टेकवला, नेला, ‘झालं’ म्हणाले आणि चंचीकडे वळले. त्यांच्या तळहातात लाकडाचं कुसळ उभं होतं. बाजूला रक्ताचा ठिपका. आणि मामंजी निवांत सुपारी कातरत होते.

 त्यांच्या हाताला काही कळतच नव्हतं. कुसळाचं नसेल, पण हाताचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. डावा हात चांगला होता, पण लग्नाच्या पाटावरून डावा हात फिरवायची रीत नाही, आणि फिरवला असता तर बघणाऱ्यानं विचारलंच असतं. सुताराचा हात गेला हे एकदा गावात कळलं की म्हाताऱ्याकडे उरलं काय? लोक कामं लोणावळ्याला नेतील आणि हे ओट्यावर नुसते बसून राहतील. इतकी वर्षं माझा त्यांच्यावर राग, पण हे काही मला बघवलं नसतं.

घरधन्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘गप ऱ्हा. त्यास्नी कळू दिऊ नको.’ कळू न देता करायचं काय, ते नाही सांगितलं. पुरुषांचं हे असंच. शेवटी माझं मीच ठरवलं. दुपारी मामंजींचा डोळा लागला की त्यांनी ‘झालं’ म्हटलेला पाट मी परत घासायला घ्यायचा. त्यांचं म्हणणं निदान खरं तरी ठरावं.

दुसऱ्याच दुपारी ते लवकर उठले. दारात उभे राहून आत्याबाईंना म्हणाले, ‘मी झालं म्हटलेलं ही परत का घासतीया?’

आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर पुढे ओढला आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले. ‘मामंजी, तुमच्या हातात कुसळ हाय. कालपासनं.’

त्यांनी तळहात वर करून बघितला. आत्याबाईंनी सुई आणली आणि कोरून कुसळ काढायला लागल्या. सुई चांगली खोल गेली, पण मामंजींचा हात जरासुद्धा हलला नाही. आत्याबाईंच्या ते ध्यानात आलं आणि कुसळ निघाल्यावर त्या त्यांचं एकेक बोट दाबून बघायला लागल्या. 

दुसऱ्या दिवशी वडिवळ्याचा शेतकरी दारात हजर. ‘आबा, झालं का? गाडीच घिऊन आलोय.’

मामंजी जागचे उठले नाहीत. म्हणाले, ‘माझ्या हाताला आता कळत न्हाई. सुनेला इचारा.’

तो हसला. ‘काय आबा, गरिबाची चेष्टा करताय व्हय?’

‘चेष्टा न्हाई,’ मामंजी म्हणाले, आणि आतल्या बाजूला मान वळवून त्यांनी मला विचारलं, ‘सूनबाई, झालं का?’

मला ‘झालं’ म्हणता आलं असतं. गाडी भरून गेली असती, मामंजींची लाज तिथल्या तिथे झाकली असती. पण ज्या माणसानं परक्यापुढे आपला हात गेल्याचं सांगितलं, त्याच्यापुढे मी खोटं कुठल्या तोंडानं बोलणार? मी म्हटलं, ‘न्हाई. येका पाटाची कड राह्यलीया.’

‘मग परवा या,’ मामंजी त्याला म्हणाले. गाडी रिकामी गेली.

मला आत बसवेना. तो पाट आणि पानं घेऊन मी सरळ ओट्यावर आले, तिथेच कड घासली आणि पाट त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, ‘डावा हात लावून बघा.’

‘लग्नाच्या पाटाला?’

‘हळदकुंकू लागंस्तवर ते लाकूडच की.’

 मग त्यांनी डावा हात पाटावर टेकवला. जन्मभर नुसती फळी दाबून धरायचं काम त्या हातानं केलेलं. तो जरा पुढे गेला, थांबला, परत मागे आला.

‘ह्याला काय समजतंय,’ मामंजी म्हणाले.

‘मला तरी कुटं समजत हुतं, आल्या आल्या,’ मी म्हटलं.

 त्यांनी हात पाटावरून उचलला नाही.