दंडारीला कुलूप

आमच्या दिघोरीत बातमी पसरली की चंद्रकुमार कापगते घरातून चोरीचे सिनेमे विकतो. मी त्याचा शेजारी, म्हणजे निम्मी बातमी माझ्याच ओट्यावरून गेली असणार. पण ती खोटी निघाली. तो गावची नाचगाण्याची दंडार दाखवतो, तीही फुकट.

जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला असतानाही हा माणूस दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे दंडारीची जत्रा, कधी चुकवत नसे. वीस वर्षं त्यानं दंडारीचं शूटिंग केलं. एका ॲपवाल्यानं ते "प्रसिद्धी करतो" म्हणून मागितलं, आणि यानं न वाचताच सही ठोकली. दंडारीचं नाव निघालं की आमच्याकडे कागद कोण वाचतो? यंदा दंडारीत नाचणारा त्याचा थोरला भाऊ धनीराम कंबर मोडून खाटेवर पडला. त्यानं मोबाइलवर स्वतःचाच जुना नाच पाहायचा हट्ट धरला, तर ॲप म्हणे, आधी महिन्याचे पैसे भरा!

चंद्रकुमार असा भडकला की आमची कोंबडी अंड्यांवरून उठली. त्यानं जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ दाखवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. आपल्याजवळचं मूळ शूटिंग त्यात भरलं आणि वायफायवरून अख्ख्या गल्लीला दंडार सुरू करून दिली.

परवा ॲपवाला दारात हजर. "काका, बंद करा हे. हक्क आम्हाला दिले म्हणून तुम्ही सही केली आहे."

चंद्रकुमार म्हणाला, "सही माही आहे, नाच धनीरामदादाचा आहे. त्याले इचारलं का तू? तो आत खाटेवर आहे. जा, त्याच्या तोंडावर सांग, 'बाबाजी, तुमचा नाच पाहाले पैसे भरा.' मंग करतो बंद."