डीच्या आतली जमीन

सुनंदाला दोन मुलींनी खांद्याचा आधार देऊन माझ्या ओपीडीत आणलं. त्या आठवड्यात गुडघा धरून आलेली ही तिसरी. मागोमाग कोच घाटगे सर आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, नुसता मुरगळलाय. पट्टी बांधा, संध्याकाळी प्रॅक्टिस आहे."

निदानही तेच करणार असते तर मी दवाखान्यात नुसता पट्ट्या गुंडाळायला बसलो असतो. पण कोचशी वाद घालण्यापेक्षा गुडघा तपासणं सोपं असतं.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी सोलापुरात हाडांचा डॉक्टर होतो. ऐन उन्हाळ्यात राज्याच्या मुलींच्या हँडबॉल टीमचा सिलेक्शन कॅम्प आमच्याकडे भरला होता आणि सरावात लागलेल्या मुली माझ्याकडे यायच्या. खेळ तेव्हा नवा होता. मला तो घाटगे सरांनीच समजावला होता. बॉल हाताने गोलमध्ये मारायचा. गोलसमोर फक्कीने अर्धगोल आखतात, त्याला डी म्हणतात. डीच्या आत गोलकीपर सोडून कुणी पाय ठेवायचा नाही.

गुडघ्यातली हाडं चिवट पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. हे पट्टे म्हणजे लिगामेंट. पाऊल अडकलं आणि अंग वळलं की ते ताणतात, नाहीतर तुटतात. आधीच्या दोघींचे ताणले होते. सुनंदाची पोटरी धरून हलकेच पुढे ओढली, तर पायाचं हाड टेबलाच्या खणासारखं पुढे सरकलं. तिचं लिगामेंट तुटलं होतं.

"काय करताना लागलं?"

"शॉट मारून खाली आले तवा."

आधीच्या दोघींनीही हेच सांगितलं होतं.

सुनंदा बार्शीची. वडील बाजारात हमाल. राज्याकडून खेळली तर रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी तिचा अर्ज जाणार होता, आणि कॅम्पमध्ये तिच्यासारखा शॉट दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती म्हणाली, "डॉक्टर, टाइट बांधून द्या की. मी खेळते."

"बांधून चालता येईल. उडी मारता येणार नाही."

ती माझ्याकडे न बघता सरांकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. सरांनाही वाटलं असणार, कारण ते खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर व्हरांड्यात सरांनी इलाज सांगितला. मुलींचा आहार कमी पडतो. उद्यापासून दूध वाढवायचं आणि मैदानाला जास्त फेऱ्या मारायला लावायच्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी म्हटलं, "मला एकदा प्रॅक्टिस बघू द्या."

संध्याकाळी मैदानावर गेलो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तसं मैदान मी पाहिलं नव्हतं. पाणी मारून, रोलर फिरवून माती गुळगुळीत दाबलेली. फक्त दोन्ही टोकांचे डी पांढरेफटक, कोरडे. वर सुटे खडे आणि खाली दगडासारखी जमीन.

एका मुलीने रेघेबाहेरून उडी घेतली, हवेतच बॉल मारला आणि धप्पकन डीच्या आत पडली.

"सर, आत पाय ठेवायचा नाही ना?"

"नाही. पण बाहेरून उडी मारून बॉल सोडायचा, मग आत पडलं तर चालतं. सगळ्या तसंच मारतात."

हे मला समजावताना त्यांनी वगळलं होतं. मैदानाचं काम बिराजदार अण्णांकडे होतं. जन्मभर खो-खो आणि कबड्डीची मैदानं केलेला माणूस. प्रॅक्टिस संपल्यावर त्यांना गाठून मी विचारलं, "अण्णा, डी का सोडलात?"

"आत कुणी जायाचंच न्हाय, आसा रूल हाय की. सरांनीच सांगितलं. मग तितं पाणी कशाला घालवायचं? आमच्या गल्लीत प्यायला पाणी न्हाय."

"आणि गोलकीपर?"

"ती तर नुस्ती उभीच असती."

गोलकीपरच्या दोन्ही कोपरांची सालटी निघाली होती. तिने तक्रार केली नव्हती, कारण तिला वाटत होतं की हा खेळ असाच असतो. अण्णांनी मात्र खेळ एकदाही बघितला नव्हता. प्रॅक्टिसच्या वेळी ते दुसऱ्या दिवसाच्या टँकरमागे फिरत असायचे. मला राग आला होता, पण कुणावर काढावा ते कळेना. अण्णांनी रूल पाळला होता. सरांनी रूल बरोबर सांगितला होता.

शॉट मारणाऱ्या मुली आतच पडतात हे मी सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी डीमध्ये इतकं पाणी मारलं की आधी चिखल झाला. मग खडे वेचून माती भरली, रोलर फिरवला. त्यानंतर कॅम्प संपेपर्यंत एकीचाही गुडघा माझ्याकडे आला नाही. सरांनी त्याचं श्रेय दुधाला दिलं.

सिलेक्शनच्या दिवशी समितीने मैदानाची तारीफ केली. सुनंदा प्लास्टरचा पाय पुढे करून गोलमागच्या बाकावर बसली होती. लिगामेंट ताणलेल्या दोघींपैकी एक टीममध्ये आली. सुनंदाच्या जागी तिच्यापेक्षा कच्चा शॉट असलेली मुलगी गेली. सगळे टीमला हार घालायला गेल्यावर अण्णा घाबरत घाबरत तिच्याजवळ आले.

"बाय, आता बरी झालीय का जमीन?"

सुनंदाने वाकून हाताने माती दाबून पाहिली. "लई मऊ झालीय की अण्णा," ती म्हणाली, आणि हात झटकला.

पुढे ती बार्शीला गेली. रेल्वेचा अर्ज गेलाच नाही. नंतरची काही वर्षं आमच्याकडे कॅम्प होत राहिले, तेव्हा पहिल्या दिवशी मी अण्णांना खुर्ची टाकून गोलमागे बसवायचो आणि पूर्ण मॅच बघायला लावायचो. घाटगे सर म्हणायचे, त्यांना खेळातलं काय कळतं. मी म्हणायचो, म्हणूनच.