आकडा आला का?

मुरुमच्या बाजारपेठेत शंभुलिंगचं भांड्यांचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. तराजूवर पातेलं ठेवलेलं असताना फोन टिंग वाजला की तो गिऱ्हाइकाला हातानं थांबवायचा. अर्ध्या मिनिटात फोन यायचाच.

"शंभू, आकडा आला का रं?" मागच्या गल्लीतल्या शांतम्मा.

"आला की काकू. लिहा. चार, शून्य, नऊ..."

दहा वर्षं हे असंच चाललं होतं. गल्लीत पहिलं इंटरनेट शंभुलिंगनं आणलं. कुणीही नवा फोन घेतला की आधी त्याच्याकडे यायचं. तो ईमेल उघडून द्यायचा, टीव्हीला सिनेमे जोडून द्यायचा आणि खात्याला मोबाईल नंबर विचारला की स्वतःचा टाकायचा. सुरुवातीला कारण साधं होतं. बायकांकडे फोन नसायचा, असला तर रिचार्ज संपलेलं असायचं. पुढं सवय झाली. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, तसा पंचवीस-तीस घरांच्या खात्यांवर शंभुलिंगचा नंबर होता. कुणी पासवर्ड विसरलं तरी ओटीपीचा आकडा त्याच्याकडे यायचा, कुणी नव्या टीव्हीत मालिका लावली तरी त्याच्याकडेच, आणि कुणी काय बघायला घेतलं त्याचा निरोपही त्याच्याच फोनवर.

मतं त्याची पक्की. ब्राउझरमध्ये चालत असेल तर ॲप घेऊ नये. अपडेट आलं की आठ दिवस थांबावं, आधी दुसऱ्यांचे फोन बिघडू द्यावेत. सिनेमांसाठी चार ठिकाणी वर्गणी भरू नये. महिन्याला एकच घ्यावी, त्यातलं सगळं बघून बंद करावी, मग दुसरी. कन्नड सिनेमा कन्नडमध्येच बघावा, कारण डबिंग म्हणजे कालच्या भाजीला आजची फोडणी. रील बघणाऱ्याशी तो धड बोलत नसे. "अंगठा हालतोय म्हंजे मानूस जिता हाय, येवढंच कळतंय," असं तो म्हणायचा.

मागच्या वैशाखात धाकट्या भावाचं, श्रीशैलचं लग्न झालं. शुभांगी लोहाऱ्याची. तिथं तहसीलसमोरच्या एका केंद्रात ती दोन वर्षं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. आल्यावर आठवडाभरातच तिनं सासूचा फोन हातात घेतला.

"भाऊजी, अव्वांच्या खात्याला तुमचा नंबर कशाला?"

"अव्वाला आकडे वाचायला जमत न्हाय."

"जमतंय की. गॅसची तारीख वाचतात, एस्टीचा टायम वाचतात."

अव्वा, म्हणजे सासू रुद्रम्मा, पोळी लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बदल गं बाई. मी टीव्हीत काय लावलं ते ह्येला दुकानात कळतंय."

शंभुलिंगला ते लागलं. आईला आपली अडचण होत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग दुपारी गल्लीतल्या बायका शेंगा फोडायच्या निमित्तानं वर जमू लागल्या आणि एकेकीचा नंबर बदलू लागला. बदलायलाही शेवटचा एक आकडा जुन्या नंबरावर यायचा. जिन्यातून शुभांगी विचारायची, "भाऊजी, आकडा आला का?" तो वाचून दाखवायचा, आणि प्रत्येक आकड्याला एक घर त्याच्या हातून जायचं. शांतम्मा गेल्या. सखूबाई गेल्या.

"दोन वर्सं फारम भरले म्हणून कंप्युटर येत न्हाय कुणाला," जेवताना तो बायकोला म्हणाला.

"भात घालू का?" महेश्वरीनं विचारलं.

एका सोमवारी त्यानं घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. दुपारी अव्वाची कन्नड मालिका बंद पडणार, हे त्याला माहीत होतं. तो दुकानात हाकेची वाट बघत बसला. अर्धा तास हाक आली नाही, तेव्हा तोच वर गेला. शुभांगीनं स्वतःच्या फोनचं नेट टीव्हीला जोडून दिलं होतं. अव्वा, शांतम्मा, सखूबाई आणि महेश्वरी ओळीनं बसल्या होत्या.

"वायफाय बंद हाय काय?" त्यानं विचारलं.

"आसंल," अव्वा म्हणाली. "बाजूला सर रं, दिसंना."

त्यानंतर महिनाभरात त्याच्या नंबरावर एकच खातं उरलं, महेश्वरीचं. एकोणीस वर्षांचा संसार. ती जाणार नाही याची त्याला खात्री होती. तरीही दुपारी शेंगांचा आवाज सुरू झाला की तो काहीतरी निमित्त काढून वर जायचा आणि ती शुभांगीच्या किती जवळ बसली आहे ते बघून यायचा.

गुरुवारी तो ईरण्णा नावाच्या गिऱ्हाइकाला घागर वजन करून देत होता. फोन टिंग वाजला. सहा आकडे, खाली महेश्वरीचं नाव. पाठोपाठ तिचाच फोन.

"अहो, आकडा आला आसंल बघा."

"न्हाय आला."

"परत पाठवते."

टिंग. "आता?"

"रेंज न्हाय."

"मग बोलताय कसं?"

फोन बंद झाला आणि जिन्यात पावलं वाजली. महेश्वरी गिऱ्हाइकासारखी काउंटरच्या बाहेर उभी राहिली. तिनं तिसऱ्यांदा मागवलेला आकडा तिच्यासमोरच आला. शंभुलिंगनं त्यावर तळहात ठेवला.

"वैनी, मी मागनं येऊ का?" ईरण्णानं विचारलं.

"थांबा की. भांडन न्हाय."

"लपवण्यासारखं काय हाय तुजं?" शंभुलिंगनं विचारलं.

"काय न्हाय. भनीचे फोटो, चार ब्लाऊजची डिझाइनं."

"मग ऱ्हाऊ दे की माज्याकडं. शुभांगीनं शिकवलं न्हवं?"

"कसं बदलायचं ते तिनं शिकवलं. बदलायचं, हे माजं मला कळलं." तिनं स्वतःचा फोन काउंटरवर टेकवला. "मागल्या वर्सी मी एक सिनिमा लावला. तुमी हितनं फोन केला, असला रडका सिनिमा बघू नको म्हनून. मी बंद केला."

"लई भिकार सिनिमा व्हता."

"व्हता आसंल. मला कुठं कळलं?"

दहा मिनिटांत आकडा शिळा होतो. शंभुलिंगनं एका हातानं घागर उतरवली, पुसली, पुन्हा तराजूवर ठेवली. महेश्वरी स्टूल ओढून बसली.

"शिळा झाला तर परत मागवते. मला आज काम न्हाय."

ईरण्णा छताकडे बघत होता. शंभुलिंगनं तळहात उचलला.

"दोन."

ती एका बोटानं टाइप करत होती. "पुढं?"

"सात. सात. एक." पाचवा आकडा तो पुटपुटला, तो तिनं कसाबसा धरला. सहावा तिला ऐकूच गेला नाही.

"तीन म्हनतेत, वैनी," ईरण्णा म्हणाला.

"झालं," म्हणून ती उठली, स्टूल जागेवर सरकवलं आणि वर गेली. शंभुलिंगच्या फोनवर निरोप आला: तुमचा नंबर या खात्यातून काढण्यात आला आहे.

ईरण्णा घागर घेऊन गेल्यावर त्यानं तिला फोन लावला. वर वाजलेली रिंग त्याला खाली ऐकू आली.

"काय ओ?"

"काय न्हाय. फोन लागतोय का बघितलं."

"लागतोय."

तिच्या मागे बायका हसत होत्या. शुभांगीचा आवाज सगळ्यांत वर होता.

"कशाला हसताय?" त्यानं विचारलं.

"तुमाला न्हाय," महेश्वरी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.