उजव्या चाकापुढची जागा

यमुना गेल्याचा फोन तिच्या मुलाने केला. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला. मी वेड्यासारखं "कुठे?" असं विचारून बसले... आदल्या रविवारी तर तिच्याकडे जाऊन पेजेच्या वाटीवरून भांडून आले होते.

ती शेणवे गावची लेक, मुरबाडची सून. नव्वदच्या दशकात आम्ही दोघी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये कामाला लागलो. तिथे परदेशी स्पोर्ट्स कारचे ऑइल कूलर बनत. त्या गाडीचं इंजिन मागे असतं आणि पळताना त्याचं तेल फार तापतं. ते पुढे आणून वाऱ्यावर गार करायचं, म्हणून हा छोटासा रेडिएटर. तिकडे जुन्या गाड्या जपणारे शौकीन असतात, त्यांना हे सुटे भाग जायचे. गाडी कोणत्या सालची, त्यावर कूलर ठरायचा. आधीच्या गाड्यांना नुसती वळवलेली नळी, पुढे पितळी नळ्यांचा जुडगा, मग बारीक पात्यांची जाळी, आणि शेवटी जाळीमागे चक्क पंखा! नवीन ड्रॉइंग आलं की यमुना म्हणायची, "पोरगं मोठं होतंय गो."

तिचं काम पाण्याच्या टाकीवर. कूलरमध्ये हवा भरून तो टाकीत बुडवायचा आणि कुठून बुडबुडा निघतो का ते बघायचं. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे दात बघतात तशी ती एकेक नग निरखायची. शेठ घाई करायला आले तर त्यांनाच सुनवायची, "तुमीच मारा बुडी, बघा!" फटकळ होती. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून डबाही गोड लागायचा नाही.

एक गोष्ट मात्र तिला फार लागून राहिली होती. पापड लाटणारीला ते खाणारं कुणीतरी दिसतं. आमचा माल खोक्यात जायचा आणि आमच्यापुरता संपायचा. शेठनी एकदा गाडीचं चित्र आणून भिंतीवर लावलं. "ह्यात आपला कुठं दिसतो?" यमुनाने विचारलं. त्यांनी उजव्या पुढच्या चाकाच्या पुढे बोट ठेवलं. तिथे, पत्र्याच्या आत. दिसत नाही म्हटल्यावर ती रुसलीच. "बसवलेला एकदा बघाय पायजे गो," हे तिचं पालुपद तेव्हापासून सुरू झालं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही जत्रेहून परतत होतो. मुरबाडच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोर अगदी तीच गाडी उभी, बुटकी, बेडकाच्या डोळ्यांची. माळशेजला निघालेला कुणी मुंबईकर चहा पीत होता. यमुना सरळ त्याच्यापुढे. "दादा, चाकाच्या पुढं जरा हात घालू?" तो बिचारा गोंधळून हो म्हणाला. जत्रेची नवी साडी धुळीत टेकवून तिने कोपरापर्यंत हात आत घातला. चाचपलं, पुन्हा चाचपलं. हाताला नुसता चिखल आला.

"हिच्यात काय नाय गो..."

"ही अगदी सुरुवातीची आहे," तो माणूस म्हणाला. "हिचं तेल मागे इंजिनपाशीच गार होतं. पुढचा कूलर नंतरच्या सालांना आला."

"म्हंजे आपल्या आधीची हाय," यमुना म्हणाली आणि खळखळून हसली. घरापर्यंत मात्र हातावरचा चिखल खरवडत आली. दारात वळून म्हणाली, "येल. नंतरची येल कधीतरी."

आजारपणातही ती विचारायची, "आली का गो?" मी म्हणायचे, "नाय अजून."

तिचं तेरावं झालं. त्यानंतर भाजी घ्यायला नाक्यावर गेले, तर गाडी उभी. रंग वेगळा, पुढचा भागही जरा वेगळा. घाट उतरून नुकतीच येऊन थांबलेली. मी मालकाला विचारलं, पिशवी खाली ठेवली आणि हात आत घातला. बोटांना पाती लागली, बारीक, एकासारखी एक... आणि असा चटका बसला की हात झटकन बाहेर आला. कूलर आमच्याच शेडमधला होता की दुसऱ्या कुणाचा, मला नाही कळलं. तिला कळलं असतं. सांगायला म्हणून मी बाजूला वळले, तिथे कुणी नव्हतं.

आम्ही तो कायम गार पाण्यात बुडवलेलाच पाहिला गं यमुने. तो तापतो. खूप तापतो.