बायकोच्या रक्तात लागलेला माझा फोटो

किडनी देण्याआधीच मी त्याबद्दल सत्कार करून घेतला.

झालं असं, की माझा आणि बायकोचा रक्तगट एकच निघाला. डॉक्टर म्हणाले, "शुरुआत तो अच्छी है." मी त्यातलं 'अच्छी' तेवढं उचललं आणि रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत भेटेल त्याला सांगत सुटलो, की जमलं, मीच देतोय. आता आमच्या मराठी मंडळाचा स्वभाव असा, की वर्षाला चार-सहा सत्कार झाले नाहीत तर त्यांना चैन पडत नाही. दहावीचे गुणवंत, रेल्वेतून निवृत्त झालेले, कुणी नाही तर सर्वांत जुने सभासद. त्या वर्षी निवृत्तीला कुणी आलं नव्हतं. मी आयताच सापडलो.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. अध्यक्षकाका बोलताना गहिवरले. "आजवर बायकोनं नवऱ्याले दिली असंच ऐकलं होतं. हे उलटं पहिल्यांदा पाहून राहिलो." मग मला दोन शब्द बोलायला लावलं. मी म्हणालो, "मी काही फार मोठं केलेलं नाही," आणि लोकांनी माझ्या नम्रतेला टाळ्या दिल्या. ते अक्षरशः खरं होतं. मी अजून काहीच केलेलं नव्हतं. वर मी पोटाला हात लावून किडनीची जागाही दाखवली. ती जागा आतड्याची होती, हे मुलीनं नंतर सांगितलं.

बायको पहिल्या रांगेत बसली होती. पाय इतके सुजलेले, की तिची चप्पल चढेना म्हणून माझ्या स्लिपर घालून आली होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसच्या मशीनला बांधून ठेवत. मशीनवरून उतरली की दिवसभर कपड्यासारखी पिळून निघालेली दिसायची. टाळ्या तिनंही वाजवल्या. बेताच्याच.

पुढच्याच आठवड्यात दुसरी तपासणी झाली. यात माझ्या पेशी आणि तिचं रक्त एकत्र करून बघतात, दोघं गुण्यागोविंदानं राहतात की भांडतात. भांडले. डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या रक्तात माझ्याविरुद्ध अँटीबॉडीज तयार आहेत. असंच ऑपरेशन केलं तर किडनी आत गेल्या गेल्या शरीर तिच्यावर तुटून पडेल.

"माझ्याच विरुद्ध?" मी विचारलं.

"जी. खास आप ही के विरुद्ध."

बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. आमची मोठी त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. मी कॉलोनीत सांगायचो, "पोट्टी लॅबमध्ये आहे," त्यामुळे अर्धी कॉलोनी तिला आपली शुगर विचारायची आणि ती बिचारी सांगायचीही. तिचा खरा विषय वेगळा. दुसऱ्याची किडनी शरीर का फेकून देतं आणि ते कसं थांबवावं, हा. विषय माझ्या घरात, माझ्याच टेबलावर पसरलेला असायचा, आणि मी त्यावर चहाचा कप ठेवायचो.

त्या दिवशी तिनं मला समोर बसवलं. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो, ती आम्हाला हिंदीत उत्तरं देते. चिडली किंवा माया आली, की मराठीत येते.

"बाबा, सिलतऱ्याला तुमच्या प्लांटच्या गेटवर सिक्युरिटी है ना?"

"आहे." मी तिथं स्पंज आयर्नच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. माझ्या शर्टाच्या कॉलरवरच्या काजळीवरून वारा कुठला होता हे बायको सांगू शकते.

"गेट के अंदर फोटो लगे रहते हैं न, इनको अंदर नहीं आने देना?"

"चोरी करून काढलेल्यांचे. आहेत."

"बस. तसा आईच्या गेटवर आपका फोटो लगा है."

"माझा? मी काय चोरलं?"

"आपने कुछ नहीं किया, बाबा. हम दोनों ने किया. मैं और छोटा भाई." ती आता मराठीत आली. "आम्ही पोटात होतो तेव्हा आमच्यात अर्धे तर तुम्हीच होते ना. तिच्या शरीरानं तेव्हाच तुमाले पाहून ठेवलं. बहुतेक बायकांचं शरीर नंतर विसरतं. आईचं नाही विसरलं. हे माझ्यामुळे झालं."

मुलगी माझी, आणि तिचा चेहरा असा, जणू तिनं आईच्या औषधाची बाटली फोडली. बायको आतून पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती म्हणाली, "तुझ्यामुळे काहून? यांचा चेहराच लक्षात राहण्यासारखा आहे."

हसलो सगळे. पण रात्रीच्या जेवणाला बायको नीट जेवली नाही, आणि ताट उचलताना मला म्हणाली, "राहू द्या. मशीन आहे ना. तुमची बी जाईन अन् मले बी लागन नाही, तर काय करायचं? एका घरात दोघं मशीनवर?"

तिला भीती स्वतःची नव्हती. माझी चांगली किडनी तिच्या पोटात वाया जाईल, ही होती. भाजी वाया गेली तरी दोन दिवस बोलणारी बाई ही.

तेवढ्यात नागपूरहून तिच्या मोठ्या भावाचा फोन. "रायपूरले काहून करून राहिले जी? इकडे आणा." त्यांचंही बरोबर होतं. आमची उमेदीची वर्षं अशीच गेली. दाढ दुखली तर रायपूर, त्यापुढे काही दुखलं तर सकाळची गाडी पकडून नागपूर. मग आमचं वेगळं राज्य झालं, हे गाव राजधानी झालं. आम्हाला आधी फक्त मंत्र्यांच्या गाड्या आणि खोदलेले रस्ते दिसले. त्या खोदकामातून इस्पितळं कधी वर आली, प्रयोगशाळा कधी आल्या आणि त्यातल्या एकीत पांढरा कोट घालून आपलीच पोरगी कधी जाऊन बसली, ते कळलंच नाही. मी फोनवर म्हणालो, "दादा, ज्या तपासणीसाठी तुमच्याकडे यायचं, ती तपासणी आपली पोट्टी इथं करून राहिली." फोन ठेवला तेव्हा माझी मान ताठ होती. खरं तर 'आपली पोट्टी' आईच्या नमुन्याला हात लावणार नव्हती. तिनं पहिल्या दिवशीच तिच्या मॅडमना सांगितलं होतं, की घरच्या माणसाचं रक्त मी नाही तपासणार, दुसऱ्यांनी करावं. हा भाग मी दादांना सांगितला नाही. त्यानं वाक्य बिघडलं असतं.

डॉक्टरांनी मार्ग काढला. ऑपरेशनच्या आधी तिच्या रक्तातला पातळ भाग मशीननं काढायचा, त्यासोबत अँटीबॉडीज निघून जातात, आणि नवीन तयार होऊ नयेत म्हणून औषधं द्यायची. थोडक्यात, फोटो काढून घ्यायचे आणि पहारेकऱ्यांना जरा गुंगीत ठेवायचं. अगदी झोपवायचं नाही, नाहीतर खरे चोर शिरतात, साधी सर्दीसुद्धा महागात पडते. किती जागं ठेवायचं, किती झोपवायचं, ह्यातच सगळं शास्त्र आहे, असं मुलगी म्हणायची.

मशीनच्या बाजूला पिशवी भरत गेली. पिवळसर, डाळीच्या वरच्या पाण्यासारखं. मुलगी म्हणाली, "आई, इसमें सब बाबा के खिलाफ वाला है."

बायकोनं मान वळवून पिशवीकडे नीट बघितलं. "एवढंसंच?"

नर्सदीदींना मराठी कळत नव्हतं. आम्ही का हसतोय म्हणून त्या मशीनचं बटण बघायला धावल्या.

असं काही वेळा झालं, आणि मग पुन्हा माझ्या पेशी आणि तिचं रक्त समोरासमोर आणले. या वेळी कुणी कुणाला ओळखलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोनं आपल्याला ओळखू नये म्हणून देवाला नारळ बोलणारा मी एकटाच असेन.

ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आलो तेव्हा मुलगी उशाशी होती. मी विचारलं, "आई?" ती म्हणाली, "बाबा, टेबलावरच लघवी आली!" आणि रडायला लागली. आमच्या घरात ही बातमी याआधी फक्त तान्ह्या पोरांबद्दल सांगितली जायची. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो पहिल्या पगारालाही वाटला नव्हता. काढून दुसरीकडे लावलेली, तरी कामाला लागली! खरेदी विभागाचा माल कधी इतक्या वेळेवर चालू झाल्याचं मला आठवत नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. घरी आल्यावर, सगळं छान चाललेलं असताना, इस्पितळातून फोन आला, की लगेच या. बायको ठणठणीत होती, पायाची सूज उतरलेली, किडनीचे आकडे चांगले. तरी तिच्या रक्तात त्या अँटीबॉडीज पुन्हा डोकं वर काढत होत्या.

मुलीच्या टीमचं संशोधन नेमकं हेच होतं. नवऱ्याकडून किडनी घेतलेल्या, मुलं झालेल्या बायकांचं रक्त ठरावीक अंतरानं तपासत राहायचं. किडनीला त्रास व्हायची वाट बघायची नाही. गेटवर फोटो परत लागतोय का, तेच आधी बघायचं. हे अंतर किती ठेवावं, कुठल्या बाईला जास्त जपावं, हे मुलीनं कितीतरी दिवस बसून शोधलं होतं. आईच्या तपासणीची वेळ त्या हिशोबानं आली होती. नमुन्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तपासणाऱ्या पोराला ठाऊकही नव्हतं ही कुणाची आई.

गाडीत बायको पोटावर हात ठेवून बसली होती, गरोदर बाईसारखी. म्हणाली, "इतक्या मुश्किलीनं आली. जाऊ नये जी." मी काही विनोद केला नाही.

सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून पाहिला. नुकती सुरुवात होती. औषधं वाढवली, रक्त पुन्हा गाळलं, आणि जे यायचं होतं ते उंबऱ्यावरूनच परत गेलं. डॉक्टर म्हणाले, "थोड़ी और देर करते तो मुश्किल था." मी मुलीकडे बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

पुढच्या हिवाळ्यात नवा रायपूरच्या एका मोठ्या सभागृहात तिनं हे काम मांडलं. आम्हाला मागच्या रांगेत जागा मिळाली. बोलणं इंग्रजीत, पडद्यावर रेघा आणि ठिपके. त्यातला एखादा ठिपका माझ्या शेजारी काठापदराची साडी नेसून, संसर्ग नको म्हणून तोंडाला मास्क लावून बसला होता.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, की एवढा त्रास कशाला? अशा बाईसाठी नवऱ्याला नाही म्हणा, दुसरा दाता शोधा. मुलगी म्हणाली, "सर, या बायकांसाठी पुढं येणारे आधीच कमी. एखादा नवरा पुढं आला असेल, तर त्याला परत पाठवण्याआधी आपण आपलं काम पूर्ण केलेलं असावं."

टाळ्या झाल्या. या वेळी मी कुठं हात लावून काही दाखवलं नाही. मला समोरचं नीट दिसतच नव्हतं.

परतताना तेलीबांध्याला तलावाशी गाडी थांबवली. बायकोच्या गोळीची वेळ झाली होती. गोळी घेतली, वरून पाणी प्याली, बाटलीचं झाकण लावलं. मी अजून डोळे पुसत होतो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "पोट्टी काय नवीन सांगून राहिली? पुढं आलेल्या नवऱ्याले परत पाठवू नये, हे तं मी लग्नाच्या दिवसापासून करून राहिली."